इंजीन उधळू देऊ नये, घुसमटू देऊ नये



शेजारच्या रानात ट्रॅक्टर चालू असला, की बांधावर उभे राहून नुसत्या आवाजावरून बरेच काही कळते. एक ट्रॅक्टर एका लयीत गुरगुरत जातो. दुसरा कोळपणीसारख्या हलक्या कामालाही गाव गोळा करतो. तिसरा नांगराला लागला की ठोके देत, काळा धूर ओकत, मान टाकत चालतो. तिघेही एकाच कंपनीचे, एकाच वर्षी घेतलेले असतील. पण आठ-दहा वर्षांनी पाहावे, तर पहिल्याच्या इंजिनाला अजून हात लागलेला नसतो आणि बाकीचे दोघे मेस्त्रीच्या शेडमध्ये उघडून पडलेले असतात.

लोक म्हणतात, “नशीब एकेकाचे.” यात नशिबाचा भाग थोडा. जमीन कशी, धूळ किती, ऑइल वेळेवर बदलले की नाही, या गोष्टी आहेतच. पण त्यांच्याइतकीच मोठी आणि आपल्या हातातली एक गोष्ट राहून जाते. कोणत्या कामाला इंजीन मिनिटाला किती फेऱ्यांवर चालवायचे, ही ती गोष्ट. तिला पैसा लागत नाही, सुटा भाग आणावा लागत नाही. लागतो तो कान, थोडी समज आणि ॲक्सिलेटरवरचा शहाणा हात. आजच्या लेखात एवढाच विषय घेऊ.

इंजीन खोलायची पाळी आली, की खर्च नुसता पिस्टन, रिंगा आणि लायनरचा होत नाही. बहुतेक वेळा हे दुखणे ऐन हंगामात उपटते, कारण ताण त्याच वेळी असतो. पाऊस पडून वाफसा आलेला, पेरणीचे चार दिवस हातात, आणि ट्रॅक्टर शेडमध्ये. मग भाड्याने दुसरा शोधा, त्याच्या पाळीची वाट पाहा, आणि तोवर ओल उडून जाते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून हा विषय एकट्या ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा नाही, सगळ्या घराचा आहे.

आत काय चालते

इंजिनाच्या आत लोखंडावर लोखंड घासत असते असे आपण समजतो. खरे म्हणजे तब्येत ठीक असलेल्या इंजिनात ते फारसे घासतच नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ पापुद्रा असतो. आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही तो कितीतरी पातळ. तेवढ्यावर सगळा भार तोललेला असतो.

हा पापुद्रा टिकतो कशाने? तळ्यात चपटा दगड जोराने तिरपा फेकला, की तो पाण्यावरून उड्या मारत जातो. तोच दगड हळूच सोडला, तर बुडतो. तसेच इथे आहे. शाफ्ट पुरेशा वेगाने फिरत असला, की तो ऑइलला आपल्याखाली ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो. फेरे कमी झाले, भार वाढला किंवा ऑइल तापून पाण्यासारखे पातळ झाले, तर पापुद्रा बारीक होतो, आणि एका हद्दीनंतर धातूला धातू लागतो. झीज तिथे सुरू होते.

पिस्टनचे थोडे वेगळे आहे. तो वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. थांबतो तिथे पापुद्रा सर्वांत पातळ असतो, आणि वरच्या टोकाला जाळाची धगही असते. जुने लायनर काढल्यावर बोट फिरवून पाहा. वरच्या बाजूला, जिथे पहिली रिंग थांबते, तिथे खाच पडलेली लागेल. सर्वांत जास्त झीज तिथलीच.

फेरे जास्त झाले, तर

थोडा हिशेब मांडू. समजा, तुमच्या इंजिनात पिस्टन एका वेळी ११० मिलिमीटर सरकतो. एका फेऱ्यात तो एकदा वर आणि एकदा खाली, म्हणजे २२० मिलिमीटर जातो. मिनिटाला २००० फेरे झाले, तर ४४० मीटर. तासाला २६ किलोमीटरांहून थोडे जास्त. आठ तासांच्या दिवसात सुमारे २११ किलोमीटर. म्हणजे ट्रॅक्टर दिवसभर एकाच रानात फिरला, तरी आतला पिस्टन पुण्याहून निघून कोल्हापूरच्या जवळपास पोहोचला.

तेच काम १५०० फेऱ्यांवर होण्यासारखे असेल, तर पिस्टन दिवसाला १५८ किलोमीटरच चालतो. कराडच्या आसपास थांबतो म्हणा ना. रोजचे सुमारे ५३ किलोमीटर घासणे वाचले. हंगामाच्या दिवसांनी याला गुणून पाहा.

पण नुसते अंतर हा एकच तोटा नाही. पिस्टन प्रत्येक टोकाला थांबवून परत फिरवायचा असतो. सुटलेला खोंड धरायचा म्हणजे दावणीला जो हिसका बसतो, तसा हिसका दर फेऱ्याला दोनदा कनेक्टिंग रॉडला आणि बेअरिंगला बसतो. हा हिसका फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे सव्वापट केले, तर हिसका सव्वापट होत नाही, दीडपटीच्याही थोडा वर जातो. फेरे दुप्पट, तर हिसका चौपट. म्हणून मिनिटाला शे-दोनशे फेरे कमी-जास्त होणे ही फालतू गोष्ट समजू नये.

“मग शर्यतीच्या मोटारी कशा काय इतक्या वेगाने फिरतात?” असे आपली तरुण मुले विचारतील. प्रश्न चांगला आहे. फॉर्म्युला वन शर्यतींच्या मोटारींना २००९ ते २०१३ या काळात मिनिटाला १८,००० फेऱ्यांची मर्यादा घातलेली होती. त्यांचा पिस्टन जेमतेम ४० मिलिमीटर सरके आणि वजनाला अगदी हलका असे. तरीही मिनिटाला तो जवळजवळ १४४० मीटर जायचा, आपल्या ट्रॅक्टरच्या तिपटीहून जास्त. त्याची किंमतही तशीच मोजावी लागे. २००९ च्या मोसमाला एका चालकाला आठ इंजिने वापरण्याची मुभा होती. एका मोसमाला आठ इंजिने! त्यांना ते परवडते, कारण त्यांचे पीकच वेगाचे. आपल्याला एका इंजिनावर मुलांची शिक्षणे आणि लग्ने काढायची आहेत.

फेरे कमी पडले, तर

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. “डिझेल वाचते” म्हणून वरचा गिअर टाकायचा, ॲक्सिलेटर खाली ओढायचा आणि इंजिनाला तसेच रेटायला लावायचे. नांगर खोल बसला आहे, इंजीन धाप टाकते आहे, सगळा ट्रॅक्टर थरथरतो आहे, आणि बसणारा समाधानात आहे. यासारखी दुसरी फसवणूक नाही.

अशा वेळी आत काय होते ते बघा. प्रत्येक स्फोटाचा दाब जोरदार असतो, पण शाफ्ट हळू फिरत असल्याने ऑइलचा पापुद्रा अंग धरत नाही. ऑइलचा पंपही इंजिनावरच चालतो. तो हळू फिरला, की ऑइलचा दाब उतरतो. म्हणजे ज्या वेळी भार जास्त, त्याच वेळी आधार कमी. पाणी फिरवणारा पंप आणि पंखा हळू झाल्याने इंजीन तापते. हवा कमी आत जाते, डिझेल मात्र पुरेपूर पडते. ते पुरे जळत नाही. त्याचा काळा धूर होतो, काजळी रिंगांच्या खोबणीत बसते, उरलेली ऑइलमध्ये उतरते. रिंगा चिकटल्या, की दाब निसटतो, ताकद घटते, आणि मालक म्हणतो, “हल्ली ट्रॅक्टर ओढत नाही.” ओढणार कसा? आपणच त्याचा श्वास कोंडला.

चढणीला गाडी लागली, की जुना गाडीवान बैलांना दम खाऊ देई, गाडीतले दोन माणसे खाली उतरवी. आसूड ओढून वेळ मारून नेत नसे. इंजिनाला दम देणे म्हणजे वेळीच खालचा गिअर टाकणे. त्यात कमीपणा नाही.

मग बरोबर फेरे कोणते?

आता मधली जागा शोधू. त्याआधी ट्रॅक्टर आणि मोटार यांतला एक फरक ध्यानात ठेवा. मोटारीत पाय दाबला, की आपण थेट इंजिनाला मिळणारा खुराक वाढवतो. ट्रॅक्टरचा हाताने ओढायचा ॲक्सिलेटर तसा नाही. तो फेरे किती ठेवायचे एवढा हुकूम देतो. तो हुकूम पाळायला गव्हर्नर बसलेला असतो. नांगराला कठीण जमीन लागली, फेरे उतरू लागले, की गव्हर्नर आपोआप जास्त डिझेल सोडतो. मऊ जमीन आली, की कमी करतो. म्हणून शेतात ॲक्सिलेटर सारखा पुढेमागे करू नये. एकदा नीट लावावा आणि गव्हर्नरला त्याचे काम करू द्यावे.

दुसरी गोष्ट. प्रत्येक इंजिनाचे दोन आकडे असतात. एक, ज्या फेऱ्यांवर ते सर्वांत जास्त ताकद देते तो. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांचा हा आकडा २००० च्या आसपास किंवा थोडा वर असतो. दुसरा, ज्या फेऱ्यांवर ते सर्वांत जास्त रेटा देते, म्हणजे पिळाचा जोर सर्वांत जास्त असतो तो. हा पहिल्यापेक्षा बराच खाली असतो. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा हे इंजिनाचे कामाचे रान. त्यात ते भार वाढला तर फेरे थोडे उतरवते, पण रेटा वाढवून नांगर पुढे नेते. खालच्या आकड्याच्याही खाली गेलात, की भार वाढताच ते मान टाकते.

हे आकडे कुठे मिळतील? ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात. ते पुस्तक बहुधा कपाटात कागदपत्रांखाली असते. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था १९५५ पासून आहे. तिच्या तपासणी अहवालांतही हे दोन्ही आकडे दिलेले असतात. नवा ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याकडे ते मागावेत. रंग आणि बंपर नंतर पाहता येतात.

पुस्तक सापडले नाही, तरी अडत नाही. एक साधी परीक्षा आहे. काम चालू असताना, ज्या गिअरवर आणि फेऱ्यांवर चालला आहात तिथून, ॲक्सिलेटर थोडा वाढवून बघा. इंजिनाने लगेच आवाज उचलला आणि वेग घेतला, तर त्याच्या अंगात अजून ताकद शिल्लक आहे, भार ठीक आहे. पण ॲक्सिलेटर ओढूनही वेग वाढत नाही, नुसता काळा धूर वाढतो, तर इंजीन घुसमटते आहे. खालचा गिअर टाका, नाही तर नांगराची खोली कमी करा. ही परीक्षा शाळकरी मुलालाही शिकवता येते.

काम तसे फेरे

_जड काम._ खोल नांगरट, कडक काळी जमीन, पलटी नांगर. इथे इंजिनाची बहुतेक सगळी ताकद लागते. ॲक्सिलेटर पुस्तकात सांगितलेल्या कामाच्या फेऱ्यांजवळ ठेवावा आणि गिअर असा निवडावा, की भारात इंजीन आवाज थोडा उतरवेल, पण धाप टाकणार नाही. इथे फेरे वाचवायला जाऊ नये.

_हलके काम._ कुळवणी, पेरणी, फवारणीचे पाणी वाहणे, रिकामी ट्रॉली. इथे निम्मी ताकदही लागत नाही. मग एक गिअर वर घ्या आणि ॲक्सिलेटर खाली आणा, म्हणजे रानातला वेग तोच राहील. इंजीन कमी फिरेल, पिस्टन कमी चालेल, डिझेलही वाचेल. वर सांगितलेली परीक्षा मात्र करून पाहा. बाहेरच्या देशांतही हा नियम मान्य आहे. अमेरिकेत नेब्रास्का येथे १९२० पासून ट्रॅक्टर तपासले जातात. तिथल्या अहवालात अर्ध्या आणि पाऊण भारावर पूर्ण फेऱ्यांना किती डिझेल लागले आणि वरचा गिअर टाकून कमी फेऱ्यांना किती लागले, हे शेजारी शेजारी मांडलेले असते.

_रोटाव्हेटर, मळणी, फवारा._ ही पीटीओवरची कामे. यांना वरचा नियम लावू नका. पीटीओला मिनिटाला ५४० फेरे हवेत, म्हणून अवजाराची रचनाच तशी केलेली असते. त्यासाठी इंजीन किती फेऱ्यांवर लागते हे पुस्तकात दिलेले असते. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मीटरवर तिथे खूणही असते. कुठे ते १५०० असेल, कुठे १८००. त्या खुणेवर ॲक्सिलेटर ठेवावा आणि पुढे जाण्याचा वेग गिअरने कमी-जास्त करावा. ढेकळे फुटत नाहीत म्हणून फेरे खुणेपलीकडे चढवणे म्हणजे इंजीन, पीटीओ आणि रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स या तिघांनाही एकदम मारणे. त्याऐवजी खालच्या गिअरला हळू चला, किंवा दोनदा फिरवा.

_ट्रॉली, चढण आणि उतार._ उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे जाणाऱ्यांनी हे नीट वाचावे. चढण दिसताच, पायथ्यालाच, खालचा गिअर टाकावा. अर्ध्या चढावर, इंजिनाने मान टाकल्यावर गिअर बदलायला जाणे धोक्याचे. भरलेली ट्रॉली मागे ओढते.

उताराला त्याहून मोठा धोका आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. गव्हर्नर इंजिनाला डिझेल तोडू शकतो, पण चाकांना थांबवू शकत नाही. मागून भरलेली ट्रॉली रेटू लागली, की चाके इंजिनाला फिरवतात. डिझेल बंद असूनही फेरे २५००, ३००० असे चढू शकतात. एवढ्या वेगाला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा पुरत नाहीत. व्हॉल्व्ह मागे राहतो आणि पिस्टन त्यावर आदळतो. शहरातल्या भारी मोटारीतही हेच होते. तिच्यात फेरे आवरणारी यंत्रणा असते, पण भर वेगात चुकून फार खालचा गिअर पडला, तर ती यंत्रणा काही करू शकत नाही. म्हणून उतार लागण्याआधीच वेग कमी करावा, योग्य खालचा गिअर टाकावा, आणि आवाज चढू लागताच ब्रेकने आवरावे. न्यूट्रल करून उतार कधीही उतरू नये. डिझेल वाचवायच्या त्या युक्तीने इंजीन वाचेल कदाचित, पण ब्रेक तापून निकामी झाले, तर माणसे वाचणार नाहीत. आणि मुळात ट्रॉलीत भार बेताचा भरला, तर या सगळ्या संकटातली बरीच संकटे येतच नाहीत.

_विहिरीवरचे इंजीन._ जुन्या मंडळींना ती लिस्टर पद्धतीची, दोन जड चाकांची इंजिने आठवत असतील. मिनिटाला ६५० फेरे, लांबून ठोके मोजता येत. इतके सावकाश चालल्यामुळेच ती वर्षानुवर्षे टिकली. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढे १५०० फेऱ्यांची, आटोपशीर इंजिने गावोगाव दिसू लागली. पाच अश्वशक्तीचे, १५०० फेऱ्यांचे इंजीन पुष्कळ विहिरींवर राबले आहे.

या इंजिनांचा एक मोह असतो. पाणी कमी पडते, मग गव्हर्नरचा स्क्रू पिळून फेरे वाढवायचे. पंपाचा ढोबळ नियम असा, की फेरे वाढले त्या प्रमाणात पाणी वाढते, पण लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. १५०० चे १८०० केले, म्हणजे फेरे १.२ पट झाले. पाणी फार तर वीस टक्के जास्त येईल. ताकद मात्र १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे सुमारे १.७३ पट लागेल. वीस टक्के पाण्यासाठी इंजिनावर सत्तर टक्क्यांहून जास्त बोजा! त्यापेक्षा फूटव्हॉल्व्हची जाळी साफ करा, पाइपाची गळती काढा, पंपाचा आतला पंखा झिजला आहे का ते पाहा. पाणी बहुधा तिथेच हरवलेले असते.

सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि बंद करताना

रात्रभर उभे राहिलेल्या इंजिनातले ऑइल खाली उतरलेले असते आणि थंडीने घट्ट झालेले असते. चालू केल्याबरोबर ॲक्सिलेटर ओढून “गरम करणे” ही वाईट खोड आहे. पापुद्रा अजून बसलेलाच नसतो, त्यात तुम्ही फेरे चढवता. चालू केल्यावर ऑइलचा दिवा विझला का ते पाहा. दोन-तीन मिनिटे हळू चालू द्या. मग हलक्या भाराने रानाकडे निघा. पाण्याच्या गरमीचा काटा मध्यावर येईपर्यंत जड काम देऊ नका.

उलट, तासन् तास रिकामे हळू चालू ठेवणेही वाईट. भाराशिवाय डिझेल इंजीन पुरेसे गरम होत नाही. न जळलेले डिझेल लायनरवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. काठीवर ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली, तर आनंद मानू नका. डिझेल उतरले असेल, लगेच मेस्त्रीला दाखवा. पुष्कळ ठिकाणी सेल्फ धड नसतो, बॅटरी बसलेली असते, म्हणून भाकरी खाईपर्यंत ट्रॅक्टर चालूच ठेवतात. बॅटरीचा खर्च वाचवायला इंजीन झिजवणे म्हणजे दाव्यासाठी बैल विकण्यासारखे आहे.

टर्बो असलेले इंजीन काम संपताच झटकन बंद करू नये. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि तापून लाल होण्याच्या बेतात असतो. इंजीन थांबले, की त्याचे ऑइल तिथल्या तिथे थांबते आणि करपते. दोन-तीन मिनिटे हळू चालू ठेवून मग बंद करावे.

नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनाला पहिले ५० तास सांभाळा. एकसारख्या फेऱ्यांवर दिवसभर ठेवू नका, पूर्ण भार देऊ नका, पण नुसते रिकामेही चालवू नका. मध्यम काम द्या, फेरे अधूनमधून बदला, म्हणजे रिंगा लायनरला नीट बसतात.

वही ठेवा

जुन्या पद्धतीच्या केबलच्या मीटरमध्ये एक गंमत आहे. तो घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो आणि ते तासांत दाखवतो. समजा, तो १५०० फेऱ्यांना धरून बसवला आहे. मग २००० फेऱ्यांवर तीन तास काम केले, तर मीटर चार तास दाखवील. ७५० फेऱ्यांवर दोन तास चालला, तर एकच. नव्या, विजेवरच्या मीटरांत बहुधा खरे तास पडतात. तुमचा मीटर केबलचा असेल, तर एक दिवस घड्याळ लावून बघा. मनगटावरच्या घड्याळापेक्षा मीटर फार पुढे पळाला, तर इंजीन विनाकारण उधळले जाते आहे, हे तो मुकाट्याने सांगतो आहे.

घरातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला वही द्या. रोजचे काम, मीटरचे तास, डिझेल किती, ऑइल कधी बदलले, एअर क्लीनर कधी साफ केला, एवढे लिहायचे. धूळ ही इंजिनाची सर्वांत मोठी वैरीण. एअर क्लीनरकडे दुर्लक्ष केले, तर फेरे कितीही नेटके ठेवले तरी उपयोग नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

शेवटी ड्रायव्हरविषयी. एकरावर पैसे घेणाऱ्याला घाई असते. “मालक, लवकर उरकतंय की!” असे तो म्हणेल. त्याच्यावर रागावून काही होणार नाही. दुपारी भाकरी खाताना त्याला शेजारी बसवा, ॲक्सिलेटर वाढवून बघायची परीक्षा दाखवा, उताराचा धोका समजावून सांगा. बनला तर त्याची मजुरी दिवसावर ठरवा, म्हणजे इंजीन उधळून त्याला काही जास्त मिळणार नाही. घरचा मुलगा चालवत असेल, तर त्याला एवढेच सांगा, की मोठा आवाज काढणे कोणालाही जमते. सायंकाळी काम तेवढेच झाले आणि डिझेल व तास दोन्ही कमी पडले, तर ती खरी ड्रायव्हरी.

उद्या रानात गेलात, की पहिल्या तासाला दोन गिअरांवर ही परीक्षा करून पाहा, आणि जो गिअर, जे फेरे तुमच्या जमिनीला बसले ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.